फोर्ड झेटेकवर वेबर ४५ डीसीओईची जोडी: किट कारसाठी घ्यावी का?

लोटस सेव्हनच्या धाटणीची किट कार घरच्या गॅरेजात बांधणाऱ्या इंग्लंडमधल्या मंडळींचं फोर्डच्या दोन लिटर झेटेकवर जुनं प्रेम आहे. मॉन्डिओ किंवा एस्कॉर्ट भंगारात निघाली की हे इंजिन स्वस्तात हाती लागतं. १९८८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, मूळ ताकद १३० बीएचपीच्या आसपास, आणि योग्य बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) घेतलं की सिएराचा टाइप ९ गिअरबॉक्स मागे बसतो. अडचण इंजेक्शनची. वरचा प्लेनम (हवेची पेटी) इतका उंच की सेव्हनचं बुटकं बॉनेट त्यावर बसत नाही. शिवाय वायरिंगचा भला मोठा जुडगा, आणि डोनर (जिच्यातून इंजिन काढलं त्या) गाडीच्या चावीशिवाय तोंड न उघडणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. या सगळ्यावर उतारा म्हणून जे किट विकलं जातं ते असं: वेबर ४५ डीसीओई १५२ या कार्बोरेटरची जोडी, ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड (कार्ब आणि हेड जोडणाऱ्या नळ्या), लिंकेज, सॉफ्ट माउंट, ट्रम्पेट (कार्बच्या तोंडावरच्या कर्ण्यासारख्या नळ्या) आणि फोमचा फिल्टर. हे परीक्षण त्या किटचं.

निकाल आधीच सांगून टाकू. तुमचं इंजिन १ ऑगस्ट १९९५ च्या आधी बनलेलं असेल आणि तसा कागद हातात असेल, तर किट घ्या, पस्तावणार नाही. इंजिन त्यानंतरचं असेल तर हेच पैसे थ्रॉटल बॉडीवर (इंजेक्शन ठेवून कार्बच्या जागी बसणाऱ्या झडपांवर) घाला. कार्बोरेटर उत्तम आहे, मॅनिफोल्डही बरा आहे, पण प्रश्न त्यांच्या दर्जाचा नाहीच.

प्रश्न आहे आयव्हीए चाचणीचा. घरी बांधलेली गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायची तर ही चाचणी पास व्हावी लागते, आणि धुराची मर्यादा गाडीच्या नव्हे, इंजिनाच्या वयावर ठरते. ऑगस्ट १९९५ पूर्वीच्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) लागत नाही, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १२०० पीपीएम इतकी सैल मर्यादा मिळते. नीट जुळवलेली डीसीओई जोडी त्यात आरामात बसते. त्यानंतरच्या इंजिनाला कॅटची चाचणी: सीओ अर्ध्या टक्क्याच्याही खाली, एचसी २०० पीपीएम, आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. कार्बोरेटरला लॅम्डा सेन्सर नाही, स्वतःला दुरुस्त करायची सोय नाही. सकाळच्या गारठ्यात एक आकडा, दुपारी दुसरा. एखादी गाडी नशिबाने पासही होते, पण नशिबावर गाडी बांधू नये.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते ती रंगामुळे. झेटेकचे ढोबळ दोन प्रकार: चंदेरी झाकणाचं सिल्व्हरटॉप, ज्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, आणि १९९८ पासून फोकसबरोबर आलेलं काळ्या झाकणाचं ब्लॅकटॉप, ज्यात सॉलिड टॅपेट आहेत. ब्लॅकटॉप कॅटच्या चाचणीतच जाणार, यात वाद नाही. पण सिल्व्हरटॉप म्हणजे आपोआप जुनं, असंही नाही. १९९५ नंतरही ते बनत होतं. झाकण पाहून इंजिन उचलू नका. इंजिन नंबर घासून स्वच्छ करा, त्याच्या उत्पादनाच्या तारखेचा लेखी पुरावा मिळवा, मग किटची ऑर्डर द्या. ऑर्डर देताना सिल्व्हरटॉप की ब्लॅकटॉप हे स्पष्ट सांगायचं. दोन्हींचे मॅनिफोल्ड एकच समजू नका.

आता किटकडे. वेबर मूळची बोलोन्याची, कारखाना एडोआर्दो वेबरने १९२३ मध्ये काढला. आज खरे डीसीओई स्पेनमध्ये बनतात आणि अंगावर तसं कोरलेलं असतं. बाजारात नकलाही भरपूर आहेत. नक्कल ओळखायची तर नाव पाहू नका, अंग पाहा. आयडल स्क्रू पूर्ण मागे घ्या, कार्ब उजेडासमोर धरा आणि बटरफ्लायच्या (आतल्या गोल झडपेच्या) कडेने किती उजेड येतो ते दोन्ही बोअरमध्ये (नळ्यांत) ताडून बघा. एकीकडे बारीक केसासारखी रेघ आणि दुसरीकडे चंद्रकोर दिसली, तर स्पिंडल (झडपेचा दांडा) पिळलेला आहे किंवा बटरफ्लाय वाकडी बसवली आहे. असा कार्ब आयुष्यभर बॅलन्स होत नाही. जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यांचे) आटे हाताने सहज फिरतात का, स्पिंडल सोडला की स्वतःच्या स्प्रिंगने झटकन मिटतो का, हेही बघा. सेकंडहँड जोडी घेताना तर हे दुप्पट काळजीने.

मॅनिफोल्ड ओतीव आहे. हेडकडची बाजू सरळपट्टी लावून तपासा. पॅकिंग पोर्टवर ठेवून बघितलं की बहुतेक वेळा कुठेतरी मिलिमीटरभर ओठ पुढे आलेला दिसतो. तो घासून काढायला अर्धा तास पुरतो. न घासता बसवलात तर ताकद फारशी जाणार नाही, पण प्रत्येक सिलिंडरचं मिश्रण थोडं वेगळं वागेल आणि पुढे जेटिंग करताना डोकं फिरेल.

इंजेक्शनचं सामान काढताना हात आवरा. प्लेनम, इंजेक्टर, फ्युएल रेल, एअरफ्लो मीटर, आयडल व्हॉल्व्ह हे सगळं जाऊ द्या. क्रँक सेन्सर आणि कॉइल पॅक मात्र जपून ठेवायचे. उत्साहाच्या भरात लोक हेच दोन्ही प्लेनमबरोबर विकून टाकतात. क्रँककेसचा ब्रीदर आधी मॅनिफोल्डला जोडलेला असतो, तो आता कॅच टँकमध्ये सोडा. ब्रेकला सर्व्हो असेल तर व्हॅक्यूमची जागा मॅनिफोल्डच्या एका रनरवर काढून एकदिशा व्हॉल्व्ह घालावा लागतो. बहुतेक सेव्हनना सर्व्हो नसतो, ते बरंच आहे.

सॉफ्ट माउंट म्हणजे कार्ब आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली ओ-रिंगची प्लेट आणि स्टडवर बसणारे दुहेरी वेटोळ्याचे थॅकरी वॉशर. चार सिलिंडरच्या इंजिनाची बारीक थरथर थेट कार्बला पोचली तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळतं, आणि ठरावीक आरपीएमला गाडी उगाच मिसिंग मारते. दर कार्बला चार, म्हणजे एकूण आठ नट. ते आवळताना हाताची सवय आड येते. नट घट्ट करायचे नसतात. वॉशरच्या वेटोळ्यांत साधारण अर्धा मिलिमीटर फट राहील इतपतच वळवायचे, फीलर गेज घालून मोजायचे, आणि नायलॉक नट वापरायचे म्हणजे ते तिथेच राहतात. कार्ब हाताने हलवला तर किंचित डुलला पाहिजे. घट्ट आवळलं की ओ-रिंग चेपते, माउंटचा अर्थच संपतो. सैल राहिलं की हवा ओढते. चालू इंजिनावर जोडाच्या कडेने थोडा कार्ब क्लीनर मारा. आरपीएम बदलले तर तिथून हवा जाते. हे करताना गरम एक्झॉस्टपासून लांब राहा आणि अग्निशामक जवळ ठेवा.

लिंकेजची एक परीक्षा सगळे विसरतात. कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि ट्रम्पेटमधून आत पाहा. बटरफ्लाय पूर्ण उभी, काठावर आलेली दिसली पाहिजे. पुष्कळ गाड्यांत ती तीन-चतुर्थांशच उघडते आणि मालक जेट बदलत बसतो. उलटी चूकही होते: पेडलला खाली थांबा नसतो, सगळा जोर केबलमार्फत स्पिंडलवर येतो आणि तो पिळला जातो. पेडलखाली थांबा लावा. फिल्टर बसवताना ट्रम्पेटच्या तोंडापासून फोमपर्यंत निदान २५ मिलिमीटर मोकळे हवेत. लांब ट्रम्पेटच्या हौसेपायी तोंड फोमला टेकलं, की वरच्या आरपीएमला इंजिनाचा गळा आवळला जातो.

पेट्रोलच्या बाजूला किट तुम्हाला काहीच देत नाही, आणि खरी चिडचिड इथे होते. इंजेक्शनचा पंप सुमारे ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या वर दाब देतो. डीसीओईला हवेत अडीच ते साडेतीन पीएसआय. जुना पंप तसाच ठेवला तर नीडल व्हॉल्व्ह तो दाब रोखूच शकत नाही. पेट्रोल ट्रम्पेटमधून बाहेर येतं, बोअरमध्ये उतरतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन संपमध्ये (इंजिनाच्या तळातल्या तेलात) मिसळतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका, आधी तेल बदला. कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप घ्या, टाकीजवळ आणि शक्य तितका खाली लावा. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात आळशी. पंपाच्या आधी फिल्टर, कार्बच्या आधी फिल्टर किंगसारखा रेग्युलेटर, आणि दाब खरोखर मीटर लावून बघायचा. डायलवरच्या खुणांवर विसंबू नका. फ्लोटची उंची मात्र तुमच्या मॉडेलच्या कागदाप्रमाणेच. जुन्या पितळी फ्लोटचे आकडे नव्या प्लॅस्टिक फ्लोटला लागू होत नाहीत.

इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद पडलं की ईसीयू पंपही बंद करतो. ईसीयू गेला की ही सोयही गेली. म्हणून डोनर गाडीतला इनर्शिया स्विच (धडक बसली की वीज तोडणारा) पंपाच्या वायरमध्ये घालाच. अपघातानंतर उलटी पडलेली गाडी आणि चालू पंप, ही जोडी कुणाला नको. रबरी पाइप आर९ दर्जाचा घ्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आणि इथेनॉल जुना रबर आतून खातं. त्याची काळी भुकटी थेट आयडल जेटमध्ये जाऊन बसते.

इग्निशन हा किटमधला दुसरा मोठा खड्डा. जाहिरातीत “इंजेक्शन काढा, कार्ब लावा” इतकंच असतं. पण ईसीयू काढला की ठिणगीही जाते, कारण झेटेकला डिस्ट्रिब्यूटर नाही. त्यासाठी वेगळा इग्निशन कंट्रोलर लागतो. फोर्डचं ईडीआयएस-४ हे ठिणगीचं मॉड्यूल जुन्या गाडीतून काढून त्याला मेगाजोल्ट हा कंट्रोलर जोडणं हा स्वस्त मार्ग. ओमेक्स २०० सारखा तयार इग्निशन ईसीयू हा सोपा मार्ग. दोन्ही चालतात. ईडीआयएसचं एक चांगलं आहे: कंट्रोलरकडून सिग्नल आला नाही तर ते १० अंशांवर ठिणगी देत राहतं, म्हणजे गाडी रडतखडत का होईना घरी येते.

झेटेकचं ३६-१ दातांचं (छत्तीसपैकी एक गाळलेला) चाक फ्लायव्हीलवरच असतं. हलकं आफ्टरमार्केट फ्लायव्हील घेणाऱ्यांनी त्यावर ते दात आहेत का हे आधी विचारावं, नाहीतर पुढच्या पुलीवर वेगळं ट्रिगर चाक लावायची वेळ येते. ते लावलंत तर चार सिलिंडरचा नियम असा: पहिला पिस्टन टीडीसीला (सर्वांत वर) असताना सेन्सरसमोर गाळलेल्या दातानंतरचा नववा दात यायला हवा. सेन्सरची फट एक मिलिमीटरच्या आत, वायर शील्डची, आणि प्लगच्या वायरींपासून दूर. सेन्सरच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर इंजिन कधी चालू होतं, कधी खोकतं, आणि लोक कार्बला दोष देतात.

इग्निशन कंट्रोलरसाठी लोड (इंजिनावरचा भार) मोजायला व्हॅक्यूम वापरू नका. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र बटरफ्लाय असली की व्हॅक्यूमचा सिग्नल नुसता फडफडतो. स्पिंडलच्या टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर लावायचा ॲडाप्टर मिळतो, तो घ्या. ठिणगीच्या वेळेचा सुरुवातीचा नकाशा साधा ठेवा: आयडलला १० ते १५ अंश, पूर्ण थ्रॉटलला चार हजाराच्या आसपास २८ पर्यंत. त्यापुढचं रोलिंग रोडवर (गाडीची चाकं रोळांवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), नॉकिंग ऐकत.

आता जेटिंग. या किटची किंमत वसूल होते किंवा वाया जाते ती इथेच. आधी एक गोंधळ मिटवू: डीसीओईच्या भाषेत चोक म्हणजे थंडीत ओढायचं बटण नव्हे, बोअरमधली ती अरुंद कंबर. किट बहुधा ३६ चोकवर येतं. दोन लिटरला ३६ मोठा नाही, वरच्या आरपीएमला छान ओढतो. पण सिल्व्हरटॉपच्या हायड्रॉलिक टॅपेटना सात हजाराच्या पुढे न्यायचं नाहीच, मग रस्त्यावरच्या गाडीसाठी ३४ जास्त शहाणपणाचा. हवेचा वेग टिकतो, अडीच हजारापासून पिकअप येतो, वरची थोडीशी ताकद जाते. ती तुम्हाला कळणारही नाही. ३६ ट्रॅकसाठी ठेवा.

सुरुवातीचा हिशेब सरळ आहे. चोकच्या चौपट मेन जेट, त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर (हवेचा जेट). ३४ ला १३५ आणि १८५. ३६ ला १४५ आणि १९५. दर सिलिंडर ४९७ सीसी असल्याने इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) एफ२. एफ१६ वरही चालते. आयडल जेट ५०एफ८ पासून सुरू करा. हे सगळं सुरुवातीपुरतं, वेदवाक्य नव्हे. मेन जेट बदलला की मिश्रण मेनच्या पूर्ण पट्ट्यात सरकतं. एअर करेक्टरचा परिणाम मुख्यतः वर दिसतो. वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ मिळालं की थांबा.

आयडल जेट हे नाव मात्र फसवं आहे. गाडी उभी असतानाच ते काम करतं असं नाही. शहरातलं जवळजवळ सगळं चालवणं, तीन हजाराच्या अलीकडचं, त्या जेटवर आणि प्रोग्रेशनच्या (बटरफ्लाय किंचित उघडताच उघडी पडणाऱ्या) भोकांवर होतं. दीड ते अडीच हजारात गाडी अडखळत असेल, ट्रम्पेटमधून फट् असा आवाज येऊन पेट्रोलची वाफ मागे उडत असेल, तर मेन जेटला हात लावू नका. तिथे आयडल जेट कमी पडतो आहे. ५० वरून ५५ करून पाहा. आणि ॲक्सिलरेटर अचानक दाबल्यावरच क्षणभर दम तुटत असेल, एरवी नाही, तर मग पंप जेटकडे (पेडल दाबताच जादा पेट्रोल मारणाऱ्या) बघा.

बॅलन्सिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच. चारही मिश्रणाचे स्क्रू हलक्या हाताने बंद करून अडीच वळणं बाहेर. हे १५१ आणि १५२ साठी. जुन्या डीसीओईचे आटे जाडे असतात, तिथे एकदीड वळण पुरतं. सिंक्रोमीटर (आत जाणारी हवा मोजणारं यंत्र) एकेका ट्रम्पेटवर धरा. एका कार्बमधल्या दोन बोअरमध्ये फरक असेल तर कमी हवा घेणाऱ्या बोअरचा बायपास स्क्रू उघडून तो जास्त घेणाऱ्याशी जुळवा. दुसरा बंदच राहू द्या. मग दोन कार्ब मधल्या स्क्रूने जुळवा. त्यानंतर एकेक मिश्रणाचा स्क्रू आत घ्या, इंजिनाचा सूर पडेपर्यंत. मग बाहेर, सूर सर्वांत चढा आणि गुळगुळीत होईपर्यंत. हा बदल पाव वळणाचा असतो, आणि कान लावला तर सूर चढलेला खरोखर ऐकू येतो. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर तो सिलिंडर चालूच नाही, किंवा त्याचा आयडल जेट तुंबला आहे. आयडल ९०० ते १००० वर आणायला स्पीड स्क्रू एका वळणापेक्षा जास्त आत न्यावा लागला, तर बटरफ्लाय प्रोग्रेशनची भोकं उघडून बसली आहे. पुन्हा आयडल जेटकडे जा.

फायदा किती? मॅनिफोल्ड, कार्ब आणि चांगला एक्झॉस्ट मिळून मूळ कॅमवरही १६० च्या आसपास पोचता येतं. मात्र त्यातलं श्रेय कार्बचं कमी आणि मोकळ्या श्वासाचं जास्त. थ्रॉटल बॉडी तेवढंच देते, शिवाय थंडीत नीट चालू होते आणि कॅटची चाचणीही पार करते. पण तिला पूर्ण ईसीयू लागतो आणि खर्च वाढतो. मोटारसायकलवरून काढलेले चार सीव्ही कार्ब, उदाहरणार्थ यामाहा आर१ चे, यांच्या निम्म्याहून कमी पैशांत बसतात आणि खालच्या आरपीएमला डीसीओईपेक्षा सभ्य वागतात. जेट मात्र इतक्या सहज बदलता येत नाहीत. डीसीओईत वरचं झाकण उघडलं की दोन मिनिटांत मेन, एअर आणि इमल्शन ट्यूब एकत्र हातात येतात. स्वतः शिकायचं असेल तर याच्याइतका मोकळा कार्ब दुसरा नाही.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी: नोंदणी झालेल्या इंजेक्शनच्या गाडीवर हा उद्योग करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात असे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. ट्रॅकपुरत्या गाडीवर करायचं असेल तर इथल्या ई२० पेट्रोलमध्ये वरचे जेटचे आकडे कमी पडतील. मेन एक-दोन पायऱ्या वाढवूनच सुरुवात करा.

जोडी मागवताना विक्रेत्याला चोकचा आकडा, इंजिनाचा प्रकार आणि एअर फिल्टरसाठी बॉनेटबाहेर किती जागा आहे हे तिन्ही लिहून द्या. आणि त्याच खेपेत ५५एफ८ चे चार आयडल जेट मागवून ठेवा. लागतीलच.